१६ पौंड २५ पेन्स

इंग्लंडात स्लावला आम्ही ज्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायचो तिच्या तळमजल्यावर एक गुजराती मासी राहतात. बाहेरच्या दारातून पोस्टमन जे काही आत टाकतो ते सगळं त्यांच्या पायपुसण्यावर येऊन पडतं, मग त्या ते गोळा करतात आणि ज्याचं त्याच्या मजल्यावर जिन्यात नेऊन ठेवतात, कोणी सांगितलेलं नाही तरी वर्षानुवर्षं हे काम त्यांनी अंगावर घेतलंय. आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये तिथून निघालो आणि रेडिंगला राहायला आलो. त्यानंतर मे महिन्यात, १७ तारखेला, शनिवारी दुपारी त्यांचा फोन. "बेटा, तेरी चिट्ठी बहुत जमा हुई है, सरकारवाली भी दिखती है, आके ले जा."

मी गाडी काढली आणि गेले. भाजीच्या दुकानाच्या पिशवीत सगळं भरून वरून गाठ मारून ठेवलं होतं त्यांनी. चहा होईस्तोवर सोफ्यावर बसून मी गाठ सोडली. पिझ्झाची पत्रकं, दाताच्या डॉक्टरांचं जुनं रिमाइंडर, कुठल्या कुठल्या संस्थांची देणगीची पाकिटं आणि मधे दोन तपकिरी पाकिटं. पहिलं मार्चचं, तुमच्या गाडीचा टॅक्स महिनाअखेर संपतोय, भरा. दुसरं २४ एप्रिलचं. त्यात दंड. ८० पौंड, ३३ दिवसांच्या आत भरले तर ४०.

मी बोटांवर दिवस मोजले, २७ मेपर्यंत मुदत, म्हणजे हातात दहा दिवस. मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि पोटात गोळाच आला, की बाहेर रस्त्यावर उभी असलेली गाडी, जी मी आत्ता मोटरवेवरून चालवत आणली, तिला टॅक्सच नाहीये. इथं सरकारी साइटवर कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की टॅक्स आहे की नाही ते दिसतं, त्याला काही पासवर्ड वगैरे लागत नाही. मी आमचा नंबर टाकला. लाल रंगात आलं, टॅक्स नाही, १ एप्रिलपासून.

लॉग बुक, म्हणजे गाडी कोणाच्या नावावर आणि कुठल्या पत्त्यावर आहे तो सरकारी कागद, घरी होतं. नवऱ्याला फोन लावला, म्हटलं कपाटातल्या निळ्या फाइलमधून गाडीचं लॉग बुक काढ आणि त्यावरचा ११ आकडी नंबर वाचून दाखव. त्यानं एक एक आकडा वाचला, मी इकडे टाइप करत गेले, कार्ड काढलं, १९५ पौंड भरले, वर्षाचा टॅक्स झाला. हिरवं दिसायला लागल्यावर मी चहाचा कप उचलला. तो मात्र फोनवरच होता. म्हणाला, "अगं, पण ह्याच्यावर पत्ता अजून स्लावचा आहे."

सगळ्याचं मूळ तेवढंच होतं.

घर बदललं तेव्हा मी एका कागदावर यादी केली होती आणि एकेक खोडत गेले होते. बँक, काउन्सिल टॅक्स, जीपी म्हणजे नेहमीचे डॉक्टर, इन्शुरन्स, ऑफिस, ड्रायव्हिंग लायसन्स. लायसन्सचा पत्ता ऑनलाइन बदलला, फुकट असतो, नवीन कार्ड आठवड्यात घरी आलं, त्यावर रेडिंगचा पत्ता छापलेला, आणि माझ्या डोक्यात गाडी हा विषय तिथं संपला. लायसन्स माणसाचं आणि लॉग बुक गाडीचं, दोन वेगळ्या नोंदी, एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही, हे मला माहीतच नव्हतं. दोन्ही नोंदी एकाच ऑफिसात आहेत. तिथं कुठंतरी लिहिलेलं असेलही की लॉग बुक वेगळं बदला म्हणून, मी वाचलं नाही ही माझीच चूक, पण हे माझ्याच बाबतीत झालंय असंही नाही हे पुढं कळलं, ते येईलच.

जुन्या पत्त्यावरचं टपाल नव्या पत्त्यावर पाठवायची सोय पोस्टाकडून विकत घेता येते, तीन, सहा किंवा बारा महिन्यांची. आम्ही सहा महिन्यांची घेतली होती. ती फेब्रुवारीअखेर संपली. टॅक्सचं पत्र मार्चमध्ये आलं. थोड्या दिवसांनी हुकलं.

आणि मार्चमध्ये मी इथं नव्हतेच.

आई साताऱ्याला एकटी असते. १४ मार्चला बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या काकूंनी फोन केला, दोन दिवसांत मी तिकीट काढून गेले, ऑपरेशन झालं, आणि मग वॉकर धरून चार पावलं, आठ पावलं, असं करत सात आठवडे गेले. परत आले ती ४ मेला.

त्या सात आठवड्यांतला एक दिवस मला सांगायचाय. हॉस्पिटलमध्ये असताना, ऑपरेशनच्या दुखण्यातून जरा डोकं वर काढल्या काढल्या आईनं मला काय विचारलं असेल? "घरपट्टी भरलीस का गं? मार्चअखेर आलाय." बाबा गेल्यापासून ती स्वतः जाऊन भरते, एक वर्ष चुकलेलं नाही. म्हटलं भरते, पण मिळकत क्रमांक कुठाय? तर म्हणाली, बाबांच्या डब्यात.

बाबांचा डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा, झाकणाला गंज आलेला, उघडताना नखं दुखतात. बाबा सरकारी नोकरीत कारकून होते. त्या डब्यात घरपट्टी, पाणीपट्टी, विजेची बिलं, गावच्या दोन एकराचा शेतसारा, त्यांच्या स्कूटरचे कागद, सगळ्याच्या पावत्या, वर्षावर्षाचे गठ्ठे रबरबँड लावून. रबरबँड वितळून कागदाला चिकटलेत. आणि प्रत्येक पावतीच्या पाठीमागं बाबांच्या अक्षरात, शाईच्या पेनानं, एकच शब्द आणि तारीख. भरले. तेवढंच. काही काही पावत्यांवर शाई फुटलीये, पण वाचता येतं. मी त्या दिवशी माजघरात फरशीवर बसून जवळजवळ तासभर ते कागद चाळत होते, मिळकत क्रमांक पहिल्याच गठ्ठ्यात सापडला होता तरी.

मग २९ मार्चला, शनिवारी, पाडव्याच्या आदल्या दिवशी, मी नगरपालिकेच्या भरणा केंद्रात रांगेत उभी राहिले. मार्चअखेर म्हणून शनिवारीसुद्धा चालू होतं. पंख्याखाली दीड तास. पुढं एक आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत सुट्ट्या नोटा घेऊन उभे होते, त्यांना दोनदा मोजून दिल्या मी. पावती घेतली, हॉस्पिटलमध्ये गेले, आईला दाखवली, तिनं चष्मा मागितला, आकडा वाचला आणि मग डोळे मिटून पडली. संध्याकाळी घरी येऊन पावतीच्या मागं मी भरले लिहिलं, तारीख घातली आणि डब्यात ठेवली.

आणि त्याच्या दोन दिवसांनी, ३१ तारखेच्या मध्यरात्री, माझ्या गाडीचा टॅक्स इंग्लंडात संपला.

मला हे सगळं त्या दंडाच्या पत्रासमोर बसल्यावर आठवलं, आणि म्हणूनच ते पत्र मला इतकं लागलं. ४० पौंड ही काही फार मोठी रक्कम नाही, भरून मोकळं व्हावं हे नवरा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, आणि त्याचं चूक नव्हतं. पण त्या पत्रात मी कोण होते? टॅक्स न भरणारी. जे मुद्दाम बुडवतात, वर्षानुवर्षं बिनटॅक्सची गाडी फिरवतात, खोट्या नंबरप्लेटा लावतात, आणि मी, आमच्या दोघांना एकच पत्र, एकच मजकूर. बाबांनी आयुष्यभर ज्या एका शब्दासाठी इतकी काळजी घेतली तो माझ्या नावापुढं नाही असं मला वाटलं. मला ते कुणालातरी सांगायचं होतं, आणि ज्याला सांगायचं तो माणूस असावा एवढीच इच्छा होती.

आता ही टॅक्सची पद्धत जरा सांगते, कारण भारतातून आलेल्या माणसाच्या ती अंगवळणी पडत नाही. महाराष्ट्रात घरची कार घेतली की रोड टॅक्स एकदाच, रजिस्ट्रेशनच्या वेळी, पेट्रोल गाडीला किमतीच्या ११ टक्क्यांपासून पुढं, एकरकमी द्यायचा आणि पुढची १५ वर्षं तो विषय नाही. बाबांच्या स्कूटरचं तसंच. दरवर्षी इन्शुरन्स आणि पीयूसी एवढंच डोक्यात असतं. इथं मात्र दरवर्षी. लोक रोड टॅक्स म्हणतात पण कायद्यातलं नाव व्हेइकल एक्साइज ड्यूटी, आणि तो रस्त्यासाठी वेगळा ठेवलेला पैसाही नाही, सरकारच्या एकूण तिजोरीत जातो. १ एप्रिल २०२५ पासून आमच्यासारख्या साध्या कारला वर्षाला १९५ पौंड झाला, आदल्या वर्षी १९० होता, आणि त्याच दिवसापासून इलेक्ट्रिक गाड्यांनाही लागू झाला.

आम्ही २०१२ मध्ये इथं आलो तेव्हा प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेवर, फुटपाथच्या बाजूला, एक गोल कागद असायचा. टॅक्स डिस्क. ऑफिसातली एक मैत्रीण मला लिफ्ट द्यायची, तिच्या गाडीत मी डावीकडं बसायचे त्यामुळं तो कागद बरोबर माझ्या डोळ्यासमोर. कडेला बारीक भोकं पाडून फाडलेला, प्लास्टिकच्या गोल पाकिटात सरकवलेला, त्यावर महिना आणि वर्ष ठळक छापलेलं. एकदा मीच तिला म्हटलं होतं, अगं, हा या महिन्यात संपतोय बहुतेक. ती म्हणाली, बरं झालं बोललीस, आणि जेवणाच्या सुट्टीत पोस्टात जाऊन नवीन घेऊन आली.

तो कागद १ जानेवारी १९२१ ला सुरू झाला आणि १ ऑक्टोबर २०१४ ला बंद झाला. त्र्याण्णव वर्षं. सगळं कॉम्प्युटरवर आहे, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आहेत, मग कागद कशाला, असा विचार, आणि छपाई आणि टपालाचा खर्च वाचला हे खरंच आहे. पण सरकारच्याच रस्त्यावरच्या पाहणीत बिनटॅक्सच्या गाड्यांचं प्रमाण २०१३ मध्ये ०.६ टक्के होतं, ते २०१५ ला १.४ झालं आणि २०१७ ला १.८. हे सगळे चोर एकदम कुठून आले असतील? मला नाही वाटत. त्या आकड्यात विसरलेली माणसं भरपूर असणार. पूर्वी काचेवरचा कागद रोज दिसायचा, तुम्हाला दिसायचा, बाजूला बसलेल्याला दिसायचा, शेजाऱ्याला दिसायचा. आता न मागता तुमची आठवण ठेवणारं एकच पत्र उरलंय, एका पत्त्यावर येणारं, आणि तो पत्ता चुकला की मधे कोणीच नाही. (डायरेक्ट डेबिट लावला तर आपोआप भरला जातो हे खरं, पण दर महिन्याला हप्ता घेतला तर ५ टक्के जास्त पडतात म्हणून मी एकरकमी भरायचे, वर्षाचा डायरेक्ट डेबिट जादा पैसे न देता मिळतो हे मी तेव्हा बघितलंच नव्हतं.)

दुसरी गोष्ट म्हणजे हा दंड गाडी चालवल्याबद्दल नाहीच मुळी. पूर्वी बिनटॅक्सची गाडी रस्त्यावर पकडली जावी लागायची. २००४ पासून कॉम्प्युटरच नोंदी तपासतो, ज्या गाडीला टॅक्स नाही तिच्या मालकाच्या नावानं पत्र काढतो, मग ती गाडी कुठंही उभी असो. माझी गाडी पूर्ण एप्रिल आमच्या घरापुढच्या ड्राइव्हवर, स्वतःच्या जागेत, कुलूप लावून उभी होती. नवऱ्याकडं इथलं लायसन्स नाही, भारतातल्या लायसन्सवर एकच वर्ष चालवता येतं, त्यानं पुढं परीक्षा दिली नाही, तो ट्रेननं लंडनला जातो. एक चाक हललं नाही गाडीचं. पण नियम असा की गाडी वापरत नसाल तर तसं कळवायचं, त्याला सॉर्न म्हणतात, १९९८ पासून आहे, एका मिनिटाचं काम आहे आणि फुकट आहे. कळवलं असतं तर एप्रिलचा टॅक्स शून्य आणि दंडही शून्य. नाही कळवलं, म्हणून ८०.

हे वाचून मी हिशेब केला. मी १७ मेला भरलेला टॅक्स १ मेपासून धरला जातो, महिना मधून सुरू होत नाही. म्हणजे सरकारचा बुडालेला महिना फक्त एप्रिल. १९५ भागिले १२, १६ पौंड २५ पेन्स. आकडा कागदावर लिहून मी त्याच्याभोवती गोल केला.

त्या रविवारी रात्री पत्र लिहायला बसले. पहिला खर्डा चार पानी झाला, सगळा राग त्यात होता, तो फाडला. दुसरा एका पानाचा. त्यात क्रमानं लिहिलं की घर कधी बदललं, लायसन्सचा पत्ता कधी बदलला, लॉग बुकचा बदलायचा राहिला ही चूक माझी आहे, आई कधी पडली, मी कधी गेले आणि कधी आले. बरोबर कागद जोडले, विमानाचे बोर्डिंग पास, आईचा डिस्चार्जचा कागद, नव्या लायसन्सची प्रत, १९५ ची पावती. एप्रिलचे १६ पौंड २५ पेन्स मी आनंदानं भरायला तयार आहे असं लिहिलं. आणि उत्तर येईपर्यंत ४० ची सवलत थांबवून ठेवावी अशी विनंती केली.

एका वाक्यावरून घरात वाद झाला. ४ ते १७ मे मी रोज ऑफिसला गाडी घेऊन गेले होते, बिनटॅक्सची, मला माहीत नसताना. नवरा म्हणाला हे कशाला लिहितेस, त्यांनी विचारलंय का? गाडी एप्रिलमध्ये उभी होती एवढं पुरे. मी म्हटलं मी खरं सांगतेय म्हणून ऐका असं म्हणायचं आणि अर्धं लपवायचं, हे मला जमणार नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, तुझ्या बाबांनी पण लिहिलं असतं, लिही. लिहिलं. सोमवारी पोस्टात जाऊन सही घेऊन देतात त्या टपालानं पाठवलं.

२७ मे आला आणि गेला. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी कार्ड घेऊन बसले होते, भरून टाकावं का म्हणून, कारण उद्यापासून ८० होणार. मला भीती होती की आत्ता भरलं तर प्रकरण तिथंच मिटलं असं धरतील, माझं पत्र कोणी उघडणारच नाही. नवरा म्हणाला चाळीस पौंडाची झोप घालवू नकोस. मी कार्ड परत पर्समध्ये ठेवलं. पण झोप गेलीच, खोटं कशाला सांगू, दोन-तीनदा उठून लॅपटॉप उघडून बघितलं.

उत्तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. पाऊण पान. दंड नियमाप्रमाणं बरोबर लावलेला आहे. आठवणीचं पत्र मिळालं नाही हे कारण धरता येत नाही, टॅक्स वेळेवर भरायची जबाबदारी गाडी ज्याच्या नावावर आहे त्याची. आता रक्कम ८०. आईचा उल्लेख नाही, १६ पौंड २५ पेन्सचा नाही, मी कबूल केलेल्या दोन आठवड्यांचासुद्धा नाही. कायद्यानं ते बरोबरच आहेत, मी नंतर बरंच वाचलं, आठवणीचं पत्र ही त्यांनी दिलेली सोय आहे, ते आलं नाही म्हणून तुम्ही सुटत नाही. पण माझं पत्र वाचलेलं नाही हे मला त्या पाऊण पानातून स्पष्ट दिसत होतं, कोणाचंही नाव घालून ते उत्तर चाललं असतं.

मी त्या आठवड्यात आईशी रोजच्यासारखं बोलत होते, तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. पण आवाजावरून तिला कळतंच. "काय झालंय तुला?" शेवटी सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल जाऊ दे, पैसे देऊन टाक. ती म्हणाली, "चूक झाली ना तुझी? मग पैसे द्यायचे. पण तू बुडवणारी नाहीस हे त्यांना परत एकदा लिही. थोडक्यात लिही. बाबा अर्ज लिहायचे तर पाच ओळीत लिहायचे, म्हणायचे साहेबाला वेळ नसतो."

म्हणून दुसरं पत्र मी पाच ओळीत बसवलं. दंड लावण्याचा तुमचा अधिकार मला मान्य आहे. गाडी एप्रिलभर माझ्या खाजगी जागेत उभी होती, मी कळवलं असतं तर त्या महिन्याचा एकही पेनी देणं लागत नव्हते. मी कळवू शकले नाही कारण मी आईच्या उशाशी होते. टॅक्स चुकलाय हे कळल्यापासून तासाभरात मी तो भरला. कृपया हे पत्र कोणीतरी स्वतः वाचावं आणि काय योग्य ते ठरवावं.

जुलैमध्ये उत्तर आलं. या वेळी पाकिटातला कागद उलगडला आणि आधी खालची सही दिसली. निळ्या पेनानं केलेली, छापलेली नाही, शेवटच्या अक्षराचा फराटा कागदाच्या कडेपर्यंत गेलेला. दंड रद्द होणार नाही असं लिहिलं होतं. पण मी सांगितलेली परिस्थिती बघता ४० ची सवलत परत दिली आहे, १४ दिवसांत भरावे. लॉग बुकवरचा पत्ता बदलून घ्या. आणि शेवटी एक ओळ, तुमच्या आईची तब्येत आता सुधारली असेल अशी आशा आहे.

मी जिन्याच्या पायरीवर बसून ती ओळ दोनदा वाचली. मग वर गेले आणि ४० पौंड भरले. पावती छापली, मागं पेनानं लिहिलं, भरले, तारीख.

तरीही माझं एक म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही. लायसन्सचा पत्ता बदलताना त्याच पानावर एकच प्रश्न विचारला, तुमच्या नावावरची ही गाडीसुद्धा आता याच पत्त्यावर का, आणि हो-नाहीची दोन बटणं दिली, तर माझ्यासारख्या कितीतरी जणांची पत्रं चुकीच्या दारात पडणार नाहीत. ऑफिस तेच, माणूस तोच, मग हा प्रश्न का नसावा? आणि दंडाच्या पहिल्या पत्रातच, तुमची काही अडचण होती का ते या इथं लिहा, अशी चार ओळींची जागा असावी. विसरलेल्या माणसाला बुडवणाऱ्यापासून वेगळं काढणं हे कोणाचं तरी नेमलेलं काम असायला पाहिजे. माझ्या वाट्याला ते दुसऱ्या पत्राला आलं. ज्यांना इंग्रजीत पत्र लिहायचं धाडस होत नाही, ज्यांना वाटतं सरकारी कागदाला उलट उत्तर द्यायचं नसतं, आपल्यातली अशी किती माणसं मला माहीत आहेत, ते ८० भरून गप्प बसतात.

लॉग बुकचा पत्ता मी त्याच मे महिन्यात ऑनलाइन बदलला होता, नवीन लॉग बुक आठवड्याच्या आत आलं. न बदलल्याबद्दल १,००० पौंडापर्यंत दंड होऊ शकतो हेही तेव्हाच वाचलं. वर्षाचा डायरेक्ट डेबिट लावला. सरकारी साइटवर अकाउंट उघडलं की आठवण ईमेलवर किंवा मेसेजवर मागवता येते, तेही केलं. मासींकडं साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन गेले, त्यांनी ते देवापुढं ठेवले आणि मग मला एक दिला.

यंदाच्या गणपतीत आमच्याकडं रेडिंगची आणि आजूबाजूची आठ-दहा घरं आरतीला आली होती. आरती झाल्यावर, प्रसादाच्या वाट्या हातात असतानाच, मी सगळ्यांना हे सांगितलं आणि म्हटलं आज घरी गेल्यावर झोपायच्या आधी लॉग बुक काढा आणि फक्त पत्ता वाचा. काही जण हो हो म्हणाले. दोघींनी फोनमध्ये लिहून घेतलं.

रात्री साडेअकराला फोन वाजला. गेल्याच वर्षी पुण्याहून आलेली, दोन महिन्यांपूर्वी घर बदललेली एक मुलगी. "ताई, झोपलात का? लॉग बुकवर अजून जुनाच पत्ता आहे हो. आणि टॅक्स चेक केला तर ह्याच महिन्याअखेर संपतोय."

मी उठून बसले, म्हटलं, "लॅपटॉप उघड आणि लॉग बुक समोर घे. मी फोनवरच आहे. आधी टॅक्स भरू, मग पत्ता."